हात लावून बघितलं

४ जानेवारी

भावजी,

नमस्कार लिहिणार नव्हते. पण नुसतं 'भावजी' लिहून पुढे गेले तर तुम्ही म्हणाल, वहिनीला पत्राची रीत माहीत नाही. रीत माहीत आहे. नमस्कार.

तीन वर्षांत तुम्हाला मला दोन ओळी लिहायला जमलं नाही. खारीला, माझ्या मुलीला, मात्र सहा पानं. तीही घरच्या पत्त्यावर नाहीत, तिच्या कॉलेजच्या पत्त्यावर. तुम्ही काय शत्रूच्या हद्दीत दडून बसला आहात? की माझं घर म्हणजे शत्रूची हद्द?

पत्र मला कसं मिळालं ते विचारू नका. उशीच्या अभ्र्यात लपवलेली वस्तू अभ्रे धुणाऱ्या बाईलाच सापडते. एवढे मोठे कमांडो काका, आणि पुतणीला लपवायचंसुद्धा धड शिकवलं नाहीत.

दोनदा वाचलं. तुम्ही एक बंद पडलेली गिरणी भाड्यानं घेतली आहे. तिच्या टाकीच्या मनोऱ्याला दोर लावले आहेत. उंच इमारतींच्या काचा पुसणारे, रंगारी, टॉवरवरचे मिस्त्री अशा लोकांना दोरावर काम कसं करायचं ते तुम्ही शिकवता. डावा पाय गुडघ्याखाली नसताना तुम्ही स्वतः वर जाता. 'पाय काढून खुंटीला टांगतो, दोरावर तो उगाच अडचण करतो' असं गमतीनं लिहिलं आहे. खार हसली असेल. मी हसले नाही. तो पाय पहिल्यांदा बांधायला बसलात तेव्हा पट्टे धरायला मी होते. तुम्ही तो भिंतीवर फेकलात तेव्हा उचलून आणायलाही मीच होते.

हे सगळं चांगलं झालं. खरंच चांगलं झालं. बँकेच्या दारात स्टुलावर बसून पेंगण्यापेक्षा लाख पटीनं चांगलं. तुम्ही वर चढा, खाली या, उलटे लटका. माझं काही म्हणणं नाही.

पण शेवटच्या पानावर लिहिलंय, 'तुला यायचं असेल तर ये. चार महिन्यांचं शिक्षण आहे. वजनानं हलकी आहेस, बापासारखी पकड आहे. आईला तू सांगतेस की मी सांगू?'

कुणीच सांगितलं नाही.

भावजी, तुमचे दादा तुमच्याच तुकडीत, दोरावरून पडून गेले. चौकशीच्या कागदावर तुमचं म्हणणं आहे, खाली तुमची सही आहे. 'थंडीनं दादाची बोटं वळत नव्हती म्हणून कमरेचा पट्टा मी बांधला.' मला ते वाक्य पाठ आहे. तोच हात आता तुम्ही त्यांच्या मुलीच्या कमरेला पट्टा बांधायला पुढे करताय. लाज कशी वाटली नाही?

ती एकोणीस वर्षांची आहे. कायद्यानं मी तिला अडवू शकत नाही. आईपणानं अडवीन. तिला 'येऊ नकोस' म्हणून तुम्ही स्वतःच्या हातानं लिहा. माझ्या पत्त्यावर.

वहिनी


१९ जानेवारी

भावजी,

चार ओळी आल्या. त्यातली एक तिकडच्या हवेबद्दल.

'वहिनी, तुमचं बरोबर आहे. खारीला नाही म्हणून लिहितो. तुमची तब्येत जपा. इकडे वारा फार आहे.' संपलं. भांडायलासुद्धा माणूस समोर लागतो हो. तुम्ही तर पहिल्याच फटक्याला हात वर केलेत. असेच शरण जायचे का तुमच्या तुकडीत?

तिला तुमचं 'नाही' मिळालं. आठवडाभर ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण भिंतीकडे बघून. "भिंती, सांग हिला, साबण संपलाय." पलंगाच्या दांड्याला गाठी मारत बसते. काल दोरीचं एक टोक दाराच्या कडीला होतं, मी दार ओढलं आणि पलंग माझ्या मागोमाग आला. मी ओरडले. ती म्हणाली, "बघ, पलंग निघाला पण गाठ सुटली नाही."

हे हिला खार म्हणायचे, कारण चालायच्या आधी ती खिडकीच्या गजांवर चढली. मी तेव्हा हसायचे. आईनं कशावर हसू नये हे आधी कुठे कळतं.

मी तिला सरळ विचारलं, "काकांवर तुझा विश्वास आहे?"

"आहे."

"त्यांनी बांधलेल्या पट्ट्यातून तुझे बाबा गेले, तरी?"

ती पहिल्यांदा भिंत सोडून माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू ते वाक्य कागदावर वाचलंस. मी काकांना आठ महिने या घरात बघितलं. त्यांनी बांधलेलं काही सुटलेलं तू पाहिलंस का कधी? तुझ्या कपड्यांची दोरी अजून तीच आहे."

ते खरं आहे. मागच्या अंगणातली कपड्यांची दोरी तुम्ही कुबडीवर उभं राहून बांधली होती. तीन पावसाळे गेले, अजून ताठ आहे. मला तिचा राग येतो. रोज तिच्यावर कपडे वाळत घालते आणि रोज राग येतो.

रागाचं खरं कारण सांगते. दवाखान्यातून तुम्हाला मी घरी आणलं, कारण तुम्हाला दुसरं कुणी नव्हतं आणि मलाही. तुम्ही रात्रंदिवस मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचात. मी शिव्या देऊन उठवायचे. चालायला लागलात, बँकेत लागलात, सोडलंत. आणि एक दिवस उठून न सांगता गेलात. चहाचा कप विसळून पालथा घालून ठेवला होता, तेवढाच निरोप. पांगळ्या माणसाचं केलं याचं मला काही नाही. न सांगता गेलात याचं आहे.

तुमची बॅग माळ्यावर आहे. घेऊन जा. मला तिची अडचण होते.

वहिनी


२ फेब्रुवारी

भावजी,

तुम्ही उत्तर दिलं नाहीत, म्हणून बॅग मी उघडली. दुसऱ्याची बॅग उघडू नये हे मला कळतं. तरी उघडली.

दोन शर्ट, दाढीचं सामान, आणि टॉवेलात गुंडाळून तो पट्टा.

यांचाच आहे हे लगेच कळलं. आतल्या बाजूला माझ्या हाताची शिवण आहे. कमरेला काचतो म्हणाले म्हणून मी आत मऊ कापड लावून दिलं होतं. चौकशी संपल्यावर तुम्ही तो मागून घेतला असणार. मला एका शब्दानं बोलला नाहीत. तीन वर्षं तो माझ्याच डोक्यावर माळ्यावर होता.

मी तो मशीनवर ठेवला आणि बघत बसले. रडायला नाही. बघायला. तुम्ही विसरलात बहुतेक, मी काय काम करते ते. बावीस वर्षं मी पट्टे शिवते. दप्तरांचे, प्रवासी बॅगांचे, माल बांधायचे. कारखान्यातले मास्तर म्हणतात, "बाई, तुम्ही पट्ट्याकडे बघून तो कुणाच्या खांद्यावर होता ते सांगाल." थट्टा करतात, पण खोटं नाही. कापडाचा पट्टा रोज जिथे वळतो तिथे त्याला वळ पडतो. जिथे घासतो तिथे लव येते. पट्ट्याला खोटं बोलता येत नाही.

वाचनालयातून मी उंचीवरच्या कामाचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. तिथल्या बाई म्हणाल्या, "हे? तुम्ही? नवी कादंबरी आलीय की." मी म्हटलं, "घरी कादंबरी चालू आहे." त्यात चित्र काढून दाखवलंय. पट्टा बकलातून एकदा घालायचा, मग उलटा वळवून त्याच बकलातून परत घालायचा. परत घातला की माणूस सुटूच शकत नाही. एकदाच घातला तर कोरडा असताना धरतो, ओला झाला की सरकतो.

यांच्या पट्ट्याला वळ एकच आहे.

दुसरा नाही. टोकाकडचा भाग कोरा करकरीत आहे, कारखान्याचा शिक्कासुद्धा वाचता येतो. परत घातला असता तर तो शिक्का महिन्याभरात पुसला गेला असता. उरलेलं टोक अडकवायला बकलाशेजारी जो फास असतो, त्यात मात्र ते रोज खोचल्याची खूण आहे. म्हणजे टोक फासात खोचून द्यायचं, समोरून सगळं व्यवस्थित दिसतं. एका दिवसाची गोष्ट नाही ही. ही सवय आहे. वर्षानुवर्षांची.

आणि सवय तुमची नाही. यांची आहे. बुटाची नाडी न सोडता बूट काढणारा माणूस. शर्टाची वरची दोन बटणं लावून बाकीची उघडीच ठेवणारा माणूस. मला विचारा.

तुम्ही बांधला असतात तर परत घातला असतात. तुम्ही कपड्यांची दोरीसुद्धा दोनदा फिरवून बांधता.

म्हणजे तुम्ही खोटी सही केलीत. त्या दिवशी पट्टा तुम्ही बांधलाच नव्हता. यांनीच बांधला होता, नेहमीसारखा, अर्धा.

मला किती राग आलाय ते या कागदावर मावणार नाही. तीन वर्षं मी चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या. तुम्ही त्या घेतल्यात. काय समजता स्वतःला? वहिनीला खरं सोसवणार नाही, हे ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? लग्न झालं तेव्हा मला वाचता येत नव्हतं. यांची पत्रं शेजारच्या काकू वाचून दाखवायच्या आणि मध्ये स्वतःचं घालायच्या. 'काकूंना आपली इस्त्री वापरू दे' असं हे प्रत्येक पत्रात लिहायचे म्हणे! त्या इस्त्रीपायी मी अक्षरं शिकले, पुड्यांच्या कागदांवरून, एकटी. दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं मला चालत नाही म्हणून शिकले. आणि तुम्ही मला माझ्याच नवऱ्याचं मरण वाचून दाखवलंत, मध्ये स्वतःचं घालून.

खरं काय ते लिहा. सगळं. हवेबद्दल एक शब्द नको.

वहिनी


१८ फेब्रुवारी

भावजी,

आठ पानं आली. पहिलंच वाक्य 'वहिनी, आता लपवून काय करू' असं आहे, म्हणून खाली बसून वाचलं.

मला नीट कळलंय का ते मी माझ्या शब्दांत लिहिते. चुकलं तर सांगा.

तुमच्या तुकडीत कुणीही नुसतं स्वतः बांधलेल्या पट्ट्याच्या भरवशावर कड्यावरून उतरत नसे. जोडीदारानं तपासायचं. पट्ट्याला हात लावायचा, टोक ओढून बघायचं, आणि मग मोठ्यानं 'बघितलं' म्हणायचं. तो शब्द ऐकल्याशिवाय कड्यावरून पाठ मागे टाकायची नाही. सगळ्यांच्या पट्ट्याला तुम्ही हात लावायचात. एका माणसाच्या नाही.

तुमचंच वाक्य उतरवते. 'ज्यानं मला चड्डीची नाडी बांधायला शिकवलं, त्याच्या कमरेला हात घालून मी काय तपासणार? मला कसंतरी व्हायचं. दादा समोर उभा राहायचा, मी डोळ्यांनी बघायचो आणि बघितलं म्हणायचो. पाच वर्षं.'

त्या सकाळी पट्टा धुक्यानं भिजला होता. तुम्ही बघितलं म्हणालात. यांनी पाठ मागे टाकली. पट्टा दोरालाच लटकत राहिला आणि माणूस त्यातून निसटला. तुम्ही बाही पकडलीत आणि बाहीबरोबर खाली गेलात.

ती बाही तुमच्या मुठीतून दवाखान्यात सोडवावी लागली, हे मला माहीत नव्हतं.

आणि खोटी सही का, तर स्वतःच्या चुकीनं गेलेल्याचं नाव तुमच्या तुकडीच्या दगडावर कोरत नाहीत. 'माझं तसंही संपलंच होतं, दादाचं नाव तरी राहू दे.'

तो दगड मी बघून आलेय. तुम्ही घर सोडून गेल्यावर. साहेबांनी हारासारखं बोट फिरवून नाव दाखवलं. गुळगुळीत दगड. मी हात लावला, थंड होता. मला दगड नको होता हो. मला माझा नवरा हवा होता, चुकलेला का असेना, अर्धा पट्टा बांधणारा, पण खराखुरा. तुम्ही दोघा भावांनी मिळून माझ्या हातात एक देव ठेवलात. देवाशी भांडता येत नाही. तीन वर्षं माझं भांडण अडलंय.

मी यांच्यावर रागावलेय. हे लिहायला तीन वर्षं लागली. गेलेल्या माणसावर मी इतकी रागावलेय की काल यांच्या फोटोसमोर उभी राहून "बटणं लावायला काय होत होतं?" असं ओरडले. खार बाहेरून पळत आली. मी तिला सगळं सांगितलं. पट्टा दाखवला. तिनं टोकावरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाली, "बाबा असेच होते." मग आम्ही दोघी मिळून रडलो. भिंतीला आता सुट्टी आहे.

आता माझं. तुम्ही लिहिलंत, तर मीही लिहिते.

ते जायच्या आधीच्या सुट्टीत यांनी तोच पट्टा घालून खारीला दाराच्या चौकटीला लटकून दाखवलं होतं. मी पोळपाट... नाही, काय करत होते ते महत्त्वाचं नाही. मी बघितलं की टोक परत घातलेलं नाही. तेव्हा मला तुमचा नियम माहीत नव्हता, पण पट्टा माहीत होता. मी म्हटलं, "अहो, हे टोक परत घाला, सरकेल." हे म्हणाले, "तुझ्या दप्तरांचं तुझ्याजवळ ठेव." हसले. मीही हसले. आणि पुन्हा विषय काढला नाही. माझ्या शिवणीच्या मऊ कापडाचं कौतुक केलं, त्यातच मी खूश.

मग ते गेले, आणि तुम्ही घरी येऊन आठ महिने झाल्यावर चौकशीचा कागद आला. मी वाचला. पट्टा तुम्ही बांधला असं त्यात होतं. भावजी, मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? सुटले असं वाटलं. म्हणजे ते टोक नव्हे. म्हणजे मी गप्प बसले म्हणून नव्हे. आणि मी तुमच्याकडे बघून म्हटलं, "म्हणजे तुम्हीच." दोनच शब्द. दुसऱ्या दिवशी तुम्ही कप पालथा घालून गेलात.

न सांगता गेलात असं मी सगळ्यांना सांगत आले. तुम्हालासुद्धा जानेवारीच्या पत्रात तेच ऐकवलं. तुम्हाला मीच घालवलं होतं.

क्षमा मागत नाही. आपल्या तिघांत कुणी कुणाची क्षमा मागायची, याचा हिशेब मला लागत नाही.

राहिला प्रश्न मुलीचा. ती येणारच म्हणते. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही प्रामाणिक आहात एवढं आता कळलं. पण प्रामाणिक माणसाच्या हातून माझा नवरा गेला. मला तुमचा हात बघायचाय. पुढच्या महिन्यात आम्ही दोघी येतो. बस सकाळी पोचते. घ्यायला येऊ नका, पत्ता वाचता येतो.

वहिनी


११ मार्च

भावजी,

काल समोर होतात, तरी हे सगळं पत्रातच लिहितेय. तोंडानं भांडायला मला येतं, बाकीचं कागदावरच जमतं.

आधी चांगलं लिहिते, म्हणजे नंतर तुम्हाला कुरकुर करायला जागा नको. गिरणी स्वच्छ आहे. दोर एका बाजूला, पट्टे एका बाजूला, प्रत्येक खुंटीखाली नाव. एका खुंटीला तुमचा पाय, बूटमोज्यासकट. मला हसू आलं, या वेळी आवरलं नाही. तुम्ही दोर धरून वर गेलात तेव्हा तुकडीत तुम्हाला 'पाल' का म्हणायचे ते कळलं. एका पायाचा माणूस वाटत नव्हता. वर टाकीच्या कठड्यावर बसून तुम्ही खाली बघितलंत, तेव्हाचं तोंड मी दहा वर्षांत पाहिलं नव्हतं. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाला मी त्या दिवसांत एवढंच तर सांगत होते, की उठा.

पण मी सकाळपासून तुमचा हात बघत होते. तुम्ही गाठी दाखवल्यात, दोर तपासलेत, वर गेलात, खाली आलात. पट्टे तपासायची वेळ आली की स्टुलावर बसून वहीत काहीतरी लिहायला लागायचात. शिकणारे एकमेकांचे पट्टे बघायचे. चार वेळा बघितलं मी. चारही वेळा तुमची मान खाली. शिकायला आलेल्या एका रंगारी बाईला मी हळूच विचारलं, "सर कधी तपासत नाहीत का?" ती म्हणाली, "नाही बाई. सर म्हणतात, तुमचं तुम्ही शिका. 'बघितलं' आम्हीच म्हणतो. सरांच्या तोंडून तो शब्द कधी ऐकला नाही."

मला वाटलंच होतं. एक पाय घेऊन मनोऱ्यावर चढणं तुम्हाला अवघड नाही. दुसऱ्याच्या पट्ट्याला हात लावणं अवघड आहे. आणि ते जो करू शकत नाही त्याच्याकडे मी मुलगी ठेवणार नव्हते.

म्हणून मी म्हटलं, "मला वर जायचंय."

तुमचं तोंड बघण्यासारखं झालं. "वहिनी, तुम्ही?"

"का? माझे दोन्ही पाय आहेत."

सगळे हसले. तुम्हीसुद्धा. मी कोपऱ्यात जाऊन पट्टा बांधला आणि तुमच्या समोर येऊन उभी राहिले. रंगारी बाई पुढे झाली. मी म्हटलं, "तू नको. भावजी बघतील."

गिरणीतली माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली. खार मनोऱ्याखाली उभी होती. तिनं ओठ दाबून धरले होते.

तुम्ही बघितलंत. डोळ्यांनी. "ठीक दिसतंय," म्हणालात.

"दिसतंय?" मी म्हटलं.

तुमच्या कपाळावर घाम आला होता. मी हलले नाही. वयानं मोठी बाई, त्यातून वहिनी, तिच्या कमरेजवळ हात न्यायचा म्हणजे तुम्हाला मरणच. मला कळत होतं. यांच्या वेळीही हेच झालं असणार. मोठ्यांचा मान. त्या मानापायी तर सगळं गेलं. मी तशीच उभी राहिले. रात्र झाली असती तरी उभी राहिले असते.

मग तुमचा हात आला. बोटं बकलावर गेली, टोक धरलंत, ओढलंत, आणि ते टोक सरळ तुमच्या हातात निघून आलं.

"वहिनी!"

काय ओरडलात! वळचणीची कबुतरं उडाली. "अक्कल आहे का? परत कोण घालणार हे? फासात खोचलं की झालं? मरायचंय का तुम्हाला? इथे काय दप्तरं शिवायला आलात?" आणखी बरंच. दिराच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा असं ऐकलं. ओरडता ओरडताच तुम्ही पट्टा फिरवलात, परत घातलात, दोनदा ओढून बघितलात, मी अख्खी हलले. आणि मग तुम्ही म्हणालात, "बघितलं."

रंगारी बाई शेजारच्याला म्हणाली, "अगं बाई, सरांना आवाज आहे!"

आणि मग मला खरंच वर जावं लागलं, ते वेगळंच. दोन पुरुष उंचीवर मी जुन्या बॅगेसारखी लटकत होते आणि खार खालून टाळ्या वाजवत होती. ती माझी वर्गणी समजा.

आता कबूल करते. तुम्हाला वाटलं वहिनीला बांधता आलं नाही. भावजी, मी बावीस वर्षं पट्टे शिवते. मी तो मुद्दाम अर्धा बांधला होता, यांच्यासारखाच, टोक फासात खोचून. तुम्ही लांबून 'बघितलं' म्हणाला असतात, तर मी एक अक्षर न बोलता पट्टा काढला असता, खारीचा हात धरला असता आणि चारच्या बसनं परत आणली असती. परतीची दोन तिकिटं मी आधीच काढून ठेवली होती.

आता ऐका. बॅग मी तुमच्या स्टुलाखाली ठेवून आलेय. तिच्यातला यांचा पट्टा दारात लावा, तुमच्या पायाशेजारच्या खुंटीला. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला तो हातात घेऊन बघू दे. त्याला वळ किती आहेत ते मोजायला लावा. कुणाचा होता, त्यानं काय केलं नाही, तुम्ही काय केलं नाहीत आणि त्याच्या बायकोनं काय बघून तोंड मिटलं, तिघांचंही सांगा. गोष्ट तुकडीपर्यंत गेली आणि दगडावरचं नाव खरवडलं गेलं, तर जाऊ दे. दगड कुणाला वाचवत नाही.

खारीला रोज हात लावून तपासा. ती चिडेल, "काका, मला येतं" म्हणेल. बापाचं तेच वळण आहे. चिडू दे. रविवारी मला पत्र टाका, चार ओळींचं नको.

माझा राग गेलेला नाही. यांच्यावरचा तर आता कुठे सुरू झालाय. तो राहील, त्याची काळजी नको. काल परत येताना बस भरलेली होती. कंडक्टर म्हणाला, "बाई, शेजारची सीट रिकामी आहे का?" मी दुसरं तिकीट दाखवलं आणि म्हटलं, "हो. बसू द्या कुणालाही."

वहिनी